वकीलबाईंची झाकली मूठ

वकीलबाईंनी कायद्याचं पुस्तक कधी उघडून पाहिलं नव्हतं. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. त्या तर कोर्टाच्या रस्त्यानेही जात नसत. पण वर्षातून दोन-तीनदा फुगलेली पिशवी खांद्याला लावून त्या राजधानीला जात, आमदारांच्या, सचिवांच्या आणि सचिवांच्या शिपायांच्या दारात उभ्या राहत, एड्स रोखायला पैसे द्या आणि शाळेतल्या पोरांना त्यांच्या शरीराबद्दल खरं सांगा म्हणून भांडत, आणि हात हलवत परत येत. म्हणून गल्लीने त्यांचं नाव वकीलबाई ठेवलं. खटला कुठला आणि अशील कोण, हे मात्र गल्लीत कोणी विचारत नसे. विचारलं तर उत्तर ऐकून घ्यावं लागलं असतं.

सासूबाईंनी यावर आपल्यापुरता तोडगा काढला होता. सून काय करते असं कोणी विचारलं की त्या सांगत, "दवाखान्यात साखर तपासते." त्यामुळे आजूबाजूचे मधुमेही सकाळी उपाशीपोटी दारात येऊन बोट पुढे करत आणि त्यांची समजूत घालता घालता वकीलबाईंना कामावर जायला उशीर होई. एकदा त्यांनी वैतागून सासूबाईंना म्हटलं की अहो, खरं सांगून टाका ना एकदाचं. सासूबाईंनी डोळे मिटून घेतले आणि त्या कुशीवर भिंतीकडे वळल्या. झोप लागल्याचं सोंग त्या फार छान वठवायच्या, अगदी घोरण्यासकट.

खरं काम चालायचं सरकारी दवाखान्याच्या मागच्या अंगाला, जिन्याखालच्या खोलीत. खोली दवाखान्याची, चालवणारी एक संस्था आणि पगार राज्याच्या निधीतून, आला तर आला. एक टेबल, दोन खुर्च्या, औषधांचं कपाट, आणि डोक्यावर जिना असल्यामुळे वरून कोणी उतरलं की बोलणं मध्येच थांबवावं लागे. टेबलाच्या खणात कंडोम कसा वापरायचा हे दाखवायचा लाकडी नमुना टॉवेलात गुंडाळून ठेवलेला होता. तपासणीला येणारे साहेब खण उघडायला लावत, टॉवेलाकडे बघत, आणि "वस्तू सुस्थितीत आहे" असा शेरा मारून निघून जात. टॉवेल सोडायला सांगण्याची छाती एकालाही झाली नाही.

इथे येणारा माणूस सरळ येतच नसे. आधी तो पाण्याच्या नळाशी थांबे, मग एक्स-रेची खोली कुठे म्हणून विचारी, आणि शेवटी आत येऊन एका मित्रासाठी चौकशी करायची आहे असं सांगे. वकीलबाई मित्राची खुशाली विचारत, मित्राने काय काळजी घ्यावी ते सांगत, आणि मग मित्राच्या वतीने याच्याच बोटाला सुई टोचत. नाव विचारायचं नाही, नंबर द्यायचा. आणि सगळ्यांत मोठा नियम असा की खोलीबाहेर आपण कोणालाच ओळखत नाही, समोरच्याने आधी ओळख दिली तरच द्यायची. हा नियम त्या देवाच्या नेमासारखा पाळत. घरी दूध घालणारा माणूस एकदा या खोलीत येऊन रडून गेला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी वकीलबाईंनी दुधातल्या पाण्यावरून त्याच्याशी रोजच्यासारखं कडाक्याचं भांडण केलं. एक दिवस जरी गोड बोलल्या असत्या तरी गल्लीला वास लागला असता.

या खोलीकडे जायचा बाण असलेली एक पाटी दवाखान्याच्या फाटकाशी होती. होती म्हणायचं एवढंच. तिच्यासमोर बारा महिने संस्कारभाऊंचा भलामोठा फलक लागलेला असे. संस्कारभाऊ म्हणजे तिथले आमदार. भाषण पाण्याचं असो की रस्त्याचं, तिसऱ्या वाक्याला ते संस्कारांवर येत, म्हणून हे नाव. फलकावर ते स्वतः हात जोडून आणि बाजूला त्यांचा एकुलता एक मुलगा गॉगल लावून, खाली 'युवा नेते' अशी अक्षरं. पोराने अजून कशाचं नेतृत्व केलेलं नव्हतं, पण अक्षरं तयार होती.

आता गंमत अशी, की हे फलक छापत कोण होतं, तर वकीलबाईंचा नवरा. बाजारात त्याचं फलक छापायचं दुकान होतं आणि संस्कारभाऊ हे त्याचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. युवा नेत्याच्या गालावरचे फोड संगणकावर पुसून काढण्यात त्याची दुपार जाई. बायकोच्या पाटीवर नवऱ्याचाच फलक, यावरून घरात रीतसर वाद होत. तो म्हणायचा, "अगं, तुझ्या पाटीने घर चालत नाही, माझ्या फलकाने चालतं." हे खरं होतं, त्यामुळे वकीलबाईंना त्याचा जास्तच राग येई.

राजधानीतली त्यांची वकिली कशी चाले तेही सांगायला हवं. आरोग्य खातं म्हणे, शाळेचा विषय आहे, शिक्षण खात्याकडे जा. शिक्षण खातं म्हणे, रोगाचा विषय आहे, आरोग्याकडे जा. दोघांच्या मध्ये एक लांबलचक व्हरांडा होता आणि वकीलबाईंच्या चपला त्या व्हरांड्यातच झिजल्या. शेवटी एका सचिवांना दया आली. त्यांनी सल्ला दिला की बाई, तुमच्या योजनेचं नावच वंगाळ आहे, ते जरा सभ्य करा, पैसे आपोआप सुटतील. मग 'एड्स प्रतिबंध व लैंगिकता शिक्षण' याचं झालं 'किशोर आरोग्य'. तरी कोणाला तरी त्यात वास आला, म्हणून झालं 'जीवनमूल्ये'. आणि सरतेशेवटी एका सभ्य समितीने नाव ठेवलं 'उमलत्या कळ्या'. पैसे खरंच सुटले. जिल्ह्याच्या शिक्षण कार्यालयाने त्या पैशांतून तत्परतेने सगळ्या शाळांना कुंड्या घेऊन दिल्या. बागकामाची योजना आहे असंच त्यांना वाटलं, आणि नाव वाचून कोणालाही तेच वाटलं असतं. वकीलबाईंनी त्या कुंड्यांचे फोटो काढून एका फाईलीत लावले आणि पुढच्या खेपेला सचिवांना दाखवले. सचिव म्हणाले, रोपं छान आली आहेत.

शाळांतले त्यांचे तास तरी कसे होते? मुलांनी नाव न लिहिता चिठ्ठीवर प्रश्न लिहून पेटीत टाकायचे आणि बाईंनी त्यांची उत्तरं द्यायची, अशी पद्धत होती. मुलं मनापासून लिहीत. पण तासाआधी मुख्याध्यापक पेटी आपल्या खोलीत नेऊन चिठ्ठ्या वाचून घेत आणि मग बाईंच्या हातात पेटी येई तेव्हा तिच्यात जीवनसत्त्वांबद्दलच्या तेवढ्या चिठ्ठ्या उरत. वकीलबाई खमक्या होत्या. जीवनसत्त्वाचं उत्तर देता देता त्या हवं तिथे पोहोचत. मागच्या बाकावरची पोरं हसायची थांबून ऐकू लागली की त्यांना आपला जन्म सार्थकी लागल्यासारखं वाटे.

आणि तरी त्या वर्षी घाव बसलाच. अंदाजपत्रकातून खोलीचा आणि तासांचा हा निधी वगळावा अशी सूचना संस्कारभाऊंनी विधानसभेच्या समितीत मांडली. आपल्या घरांत हे प्रश्नच नाहीत, मग उत्तरांवर खर्च कशाला, असा त्यांचा सवाल होता, आणि त्यावर बाकं वाजली होती. अंतिम निर्णय समितीच्या पुढच्या बैठकीत व्हायचा होता. निधी गेला की शाळेचे तास बंद, आणि वर्ष संपताना खोलीला कुलूप. गोळ्या कुठून न्यायच्या, हे तिथे येणाऱ्या 'मित्रां'ना कोणी सांगणार नव्हतं. शेजारच्या जिल्ह्यातली खोली अशीच बंद झाली तेव्हा निम्मी माणसं गोळ्या सोडून घरी बसली आणि त्यातली काही घरातच गेली. वकीलबाईंना झोप लागेना. सासूबाईंसारखं सोंगही त्यांना जमत नव्हतं.

अशात एका दुपारी खोलीत एक पोरगा आला. नळ, एक्स-रे, मित्र, सगळं ठरल्याप्रमाणे झालं. तोंडावर रुमाल होता. तो बाजूला केल्यावर वकीलबाईंनी त्याला ओळखलं, पण ओळखायला जरा वेळ लागला, कारण गालावरचे फोड खरे होते. आपल्याच फलकाच्या मागे लपलेला बाण शोधत युवा नेते तिथवर आले होते.

नियमाप्रमाणे त्यांनी ओळख दाखवली नाही. सुई टोचली, वाट पाहिली, पुन्हा एकदा खात्री करून घेतली आणि त्याला जे सांगायचं ते सरळ सांगितलं. तो भिंतीकडे बघत बसला. मग त्याला वाटलं की आता काहीतरी बोललं पाहिजे, म्हणून त्याने विचारलं, की हे होतं तरी कसं? वकीलबाईंनी विचारलं की शाळेत कोणी शिकवलं नाही का.

"पुस्तकात पान होतं," तो म्हणाला. "आम्ही फाडलं. सगळ्या शाळेच्या पुस्तकांतलं. बाबांचं आंदोलन होतं ना."

वकीलबाईंना त्या क्षणी इतका राग आला, की बाप समोर असता तर त्यांनी टॉवेल सोडून खणातला नमुना त्याच्या डोक्यात घातला असता. पण समोर बाप नव्हता, रुमाल पिळत बसलेलं पोर होतं. त्यांनी खुर्ची जवळ ओढली आणि अगदी साध्या आवाजात सांगितलं, की रोज एक गोळी, चुकवायची नाही; नीट घेतलीस तर म्हातारा होऊन मरशील, आणि तेव्हाही दुसऱ्याच कशाने तरी. पोरगा हसला. मग रडला. मग नंबर घेऊन गेला.

दर महिन्याला तो येऊ लागला. अंग धरलं, रंग परत आला, आणि हळूहळू तोंड उघडलं. फलकावर माझा गाल बघा, मलाच ओळखू येत नाही, म्हणायचा. वकीलबाई त्यावर हसत नसत, कारण हसल्या असत्या तर गाल कोणी पुसला तेही सांगावं लागलं असतं. एक दिवस तो म्हणाला की बाबांना सांगितलं मी. बाबा दोन दिवस जेवले नाहीत, तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं की कोणाकोणाला माहीत आहे. मी म्हटलं, जिन्याखालच्या बाईंना, त्या चांगल्या आहेत.  बापाने तब्येत विचारली का, हे वकीलबाईंनी विचारलं नाही. पोरानेही सांगितलं नाही.

समितीची बैठक जवळ आली तसे सगळे सल्ला द्यायला पुढे आले. संस्थेचे संचालक म्हणाले, आकडे दाखवू. नवरा जेवताना म्हणाला, "आकडे कशाला? या माणसाचं एखादं लफडं शोधून काढ. घरात काहीतरी असेलच की. एक बाहेर काढलंस तर चार दिवसांत तुझी योजना मंजूर." आणि वर हसत हसत म्हणाला, की फलक मी फुकट छापून देईन.

 जगात वकीलबाईंना असं एकच माणूस होतं ज्याला त्या सगळं सांगत, आणि ते समोर बसून भात कालवत होतं. त्या उठून पाणी आणायला आत गेल्या. मोह झाला नाही असं कोणी म्हणू नये. एक वाक्य, एकाच माणसाच्या कानात, आणि खोली वाचली असती, शाळा वाचल्या असत्या, जिल्ह्यातले सगळे 'मित्र' वाचले असते. एका पोराच्या अब्रूच्या बदल्यात एवढं सगळं, हा हिशेब कोणीही पटकन करून दिला असता. पण मग उद्या त्या खोलीत यायची हिंमत कोणाची झाली असती? त्या पाणी घेऊन बाहेर आल्या आणि म्हणाल्या की मीठ कमी आहे. मीठ बरोबर होतं.

बैठकीत हा विषय नेहमीप्रमाणे अगदी शेवटी होता, जेवणाच्या तोंडावर. ही तिथली जुनी युक्ती. भूक लागली की सभासद कशालाही नाही म्हणून उठतात, आणि नाही म्हणायला एकच शब्द लागतो. अध्यक्षांचे डोळे उघडे होते, पण त्यामागे कोणी होतं असं खात्रीने सांगता आलं नसतं. बोलायची पाळी वकीलबाईंची होती. ऐनवेळी संचालकांनी ती स्वतःकडे घेतली, कारण त्यांनी नवा कोट शिवला होता. ते पडद्यावर आकड्यांच्या रंगीत चकत्या दाखवू लागले. वकीलबाई संस्कारभाऊंच्या बरोबर समोरच्या खुर्चीत, मांडीवर फाईल घेऊन गप्प बसून राहिल्या.

फाईलीत कुंड्यांचे फोटो होते. पण संस्कारभाऊंना ते कुठे माहीत? चकत्या सरकत होत्या आणि ते फाईलीकडे बघत होते. फाईलीकडून बाईंच्या तोंडाकडे, तोंडाकडून पुन्हा फाईलीकडे. वकीलबाईही त्यांच्याकडेच बघत होत्या. त्यांच्या मनात एवढंच होतं, की बापा, एकदा तरी पोराकडे बघून बोल. तोंड बंद होतं; डोळ्यांनी काय सांगितलं ते देव जाणे.

संस्कारभाऊ उठले. खाकरले. "संस्कार," त्यांनी सुरुवात केली आणि सभासदांनी सवयीने बाकं वाजवायला हात उचलले. भाऊंनी एकदा समोर बघितलं. "संस्कार म्हणजे तरी काय? आपल्या लेकरांना जपणं. ज्ञानाला घाबरणारा समाज..." इथून पुढे ते असं काही बोलले, की संचालक आपली चकती बदलायला विसरले. निधी वगळण्याची सूचना त्यांनी मागे घेतली. उलट तो वाढवावा असं सुचवलं, आणि योजनेचं जुनं नाव परत द्यावं, आडपडदा कशाला, असंही म्हणाले. अध्यक्षांना जाग आली. भाऊच हो म्हणताहेत म्हटल्यावर नाही म्हणणारा कोणी उरला नाही, आणि जेवण तर वाट बघत होतं. वकीलबाई इतकी वर्षं जे मागत होत्या ते एका चपातीच्या ओढीने मंजूर झालं.

व्हरांड्यात संस्कारभाऊंनी त्यांना गाठलं. कार्यकर्त्यांना लांब उभं केलं आणि आवाज खाली आणला.

"झालं तुमच्या मनासारखं? मी माझं केलं. आता तुम्ही तोंड सांभाळायचं."

वकीलबाईंना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्यांचे कान तापले. "भाऊ, मी तोंड कधी उघडलं होतं?"

"तेच तर. मागणारा माणूस बोलतो, त्याला काय हवं ते कळतं. तुम्ही गप्प बसलात." ते रुमालाने मान पुसत म्हणाले, "झाकली मूठ बाई, झाकली मूठ. राजकारणात आमचा जन्म गेला, पण तुम्ही बारा गावचं पाणी प्यायलेल्या निघालात."

"मी काही मागायला..." त्यांनी बोलायला सुरुवात केली. पण खुलासा करायचा तर पोराचा विषय काढावा लागणार, आणि तो विषय त्यांनी खोलीबाहेर, प्रत्यक्ष बापाशीही, काढायचा नव्हता. नियम म्हणजे नियम. त्या गप्प झाल्या. संस्कारभाऊंनी मान डोलावली, जणू त्यांना हवं ते उत्तर मिळालं होतं.

गावात आनंदीआनंद झाला. वकीलबाईंनी भाऊंना कसं पटवलं याच्या कहाण्या निघाल्या. कोणी म्हणालं आकडे, कोणी म्हणालं अश्रू. सासूबाईंनी गल्लीत सांगितलं की साखरेला सरकारने पैसे वाढवून दिले. नवऱ्याने फलक छापला: 'ज्ञानाचे कैवारी' म्हणून संस्कारभाऊ, बाजूला युवा नेते, आणि अगदी खाली, धोब्याच्या चिठ्ठीएवढ्या अक्षरांत, समस्त संस्था परिवार. तो लागला पुन्हा पाटीसमोरच.

आणि त्या महिन्यात पोरगा गोळ्या न्यायला आला नाही.

वकीलबाईंनी वाट पाहिली. कपाटात त्याची बाटली होती, ती त्यांनी पुढे ओढून ठेवली. दार वाजलं की त्या उठत. वरून जिना कोणी उतरलं तरी उठत. फोन नंबर त्याने दिला नव्हता, आणि घर तर अख्ख्या गावाला माहीत होतं, पण त्या घरी जाता येत नव्हतं. आठवडा गेला, मग आणखी गेला. इतक्या वर्षांत त्यांनी माणसं आजाराने जाताना पाहिली होती, पण जिंकल्यामुळे कोणी जाईल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

दोघांची भेट झाली ती सत्काराच्या मंचावर. सत्कार अर्थातच संस्कारभाऊंचा होता. बाईंना सोबत एक फुलांचा गुच्छ द्यायचं ठरलं होतं आणि तो युवा नेत्याच्या हस्ते. माईकवर नाव पुकारलं गेलं. पोरगा गुच्छ घेऊन आला. फोड होते, गॉगल होता, डोळे दिसत नव्हते. वकीलबाईंना विचारायचं होतं, की अरे, गोळ्या कुठे आहेत तुझ्या. समोर अख्खं गाव, बाजूला बाप, आणि त्याने ओळख दिली तर द्यायची. त्या थांबल्या. त्याने ओळख दिली नाही. तेव्हा अनोळखी माणसाला म्हणावं तसं त्या "धन्यवाद" म्हणाल्या. तो वळताना एवढंच पुटपुटला, "बाबा म्हणाले होते, बाई तुला वापरून घेतील. मी नाही म्हटलं होतं." टाळ्या वाजत होत्या, फोटो निघत होता. त्या फोटोत वकीलबाई रडताहेत. वर्तमानपत्राने खाली छापलं, 'आनंदाश्रू'.

पुढच्या सोमवारी त्यांनी राजीनामा दिला. संचालकांना वाटलं, पगारवाढ हवी आहे. नवऱ्याला वाटलं, डोकं फिरलं. आयुष्यभर ज्या खोलीसाठी व्हरांडे झिजवले ती आता कुठे नीट चालणार, तर ही बाई उठून घरी बसते! त्याने खूप विचारलं. वकीलबाई म्हणाल्या की गुडघे दुखतात, खाली बसता येत नाही. खोलीत खाली बसायचं कामच नव्हतं, हे त्याला ठाऊक होतं. पण लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर माणसाला केव्हा पुढे विचारू नये ते कळतं. त्या रात्रीच्या भांड्यांना त्याने तिला हात लावू दिला नाही, एवढंच.

मग महिन्याभराने त्या एकट्याच संस्कारभाऊंच्या कार्यालयात गेल्या. भाऊंनी गर्दीतून त्यांना आधी बोलावलं, दार लावून घेतलं आणि थकलेल्या आवाजात विचारलं, "आता कुठलं महामंडळ हवंय?"

"मी नोकरी सोडली," वकीलबाई म्हणाल्या. "दवाखान्यातली खोली आता नव्या बाई बघतात. लांबच्या गावच्या आहेत, इथलं कोणी त्यांच्या ओळखीचं नाही. मीही आता तिथे जात नाही. तुमच्या मतदारसंघातली बातमी आहे, म्हणून कानावर घातली."

 असला माणूस संस्कारभाऊंच्या टेबलासमोर कधी बसला नसावा. काहीतरी सोडून आलेला, आणि त्याबद्दल काही न मागणारा. पहिल्यांदाच त्यांना संस्कारसुद्धा आठवेनात. शेवटी त्यांनी विचारलं, "चहा घेणार?"

"नको," वकीलबाई म्हणाल्या. "औषधं वेळेवर घेत जा म्हणावं घरात सगळ्यांनी. हवा वाईट आहे." आणि त्या उठल्या.

नव्या बाई तरुण होत्या. त्यांना वकीलबाईंनीच महिनाभर शिकवून तयार केलं होतं. सुई कशी धरायची, वाईट बातमी कुठल्या शब्दांत सांगायची, वर जिना वाजला की कसं थांबायचं, सगळं. त्या नव्या बाईंनी पहिल्याच आठवड्यात खणातला नमुना टॉवेल सोडून टेबलावर ठेवला आणि पहिल्याच तपासणीत साहेबांना ठसका लागला.

बरेच महिने गेल्यावर वकीलबाईंना राहवेना. संस्थेचा कसला तरी कागद द्यायचा आहे असं निमित्त काढून त्या खोलीत गेल्या. नव्या बाईंनी स्वतःची खुर्ची पुढे केली. शाळांचे तास सुरू होते, पेटीतल्या चिठ्ठ्या आता मुख्याध्यापकांना काढता येत नव्हत्या, शेजारच्या जिल्ह्यातली खोलीही उघडली होती. वकीलबाईंनी सगळं ऐकलं, बरं वाटलं असं म्हणाल्या, आणि उठता उठता, सहज आठवल्यासारखं विचारलं, की मी सोडायच्या आधी मध्येच येणं बंद केलेली काही माणसं होती, त्यांच्यातलं कोणी परत आलं का. एखादा तरुण मुलगा वगैरे.

 नव्या बाईंनी हात पुढे करून औषधांच्या कपाटाचं दार लावून घेतलं.

"बाई, ते सांगता येणार नाही."

"अगं, मलासुद्धा?"

"तुम्ही आता बाहेरच्या," ती मुलगी अगदी हळू, पण ठाम आवाजात म्हणाली. "तुम्हीच शिकवलंत."

वकीलबाईंना असा संताप आला, की वाटलं हिला एक लगावून द्यावी. आणि त्याच वेळी ऊर असा भरून आला, की तिला जवळ घ्यावं. दोन्हीतलं काही त्यांनी केलं नाही. बरोबर आहे, म्हणाल्या, पिशवी खांद्याला लावली आणि निघाल्या. फलकांवर पोराचा चेहरा अजून दिसतो, गाल गुळगुळीत आणि तब्येत उत्तम, पण ते फलक त्यांच्या नवऱ्याच्याच हातचे, त्यांच्यावर विश्वास कसा ठेवायचा? पोरगा गोळ्या घेतो की नाही ते त्यांना आजवर कळलेलं नाही.